दाढेची डागडुजी

फार पूर्वी, एका माघ वद्य पंचमीला, गार वारा सुटला होता. गुऱ्हाळावरचा चांद्या बैल दर फेरीला वाटेतल्या काकवीच्या घमेल्यात जीभ घालत होता. तोंडात गोडाचं आंबट होऊन त्याच्या मागच्या दाढेची कड मऊ पडली होती. दाढ घाबरून लाळेला म्हणाली,

"लाळमावशी, लिंप ना गं लवकर!"

"चुना घेऊनच आलेय, बाई," लाळ म्हणाली. "पण तो घट्ट व्हायला घटकाभर नको? हा मेला दर फेरीला विरघळवतो!"

सुजलेली हिरडी कण्हली, "चांद्या, माझी पकड सुटतेय रे. दोन फेऱ्या तरी तोंड मीट."

"नुसतं चाटतोय, खातोय कुठे?" म्हणत चांद्याने पुन्हा जीभ घातली.

पुढच्या माघ वद्य पंचमीला वैरण चघळताना दाढ मुळासकट निखळून गव्हाणीत पडली.