बर्फाआधी पांढरी झालेली कोल्हीण

पूर्वी हेमावती नगरात धृतसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दूर उत्तरेला, जिथे झाडही उगवत नाही अशा थंड पठारावर, एका खडकावरचे शेवाळ होऊन राहत होते. पाऊस आला की हिरवे व्हायचे, नाही आला की वाळून वाट पाहायची, एवढेच त्यांचे व्रत.

खडकाच्या आडोशाला एक कोल्हीण राहत असे. जोडीदार मागच्या हिवाळ्यात गेला, पिले आपापल्या वाटेने गेली. दिवसभर वाऱ्याखेरीज आवाज नाही. म्हणून ती शेवाळाशीच बोले.

"शेवाळदादा, तुझं बरं आहे. मला उन्हाळ्यात तपकिरी व्हावं लागतं, थंडीत पांढरं."

"थंडी दोघांनाही सोसायचीच आहे, बाई. तू पळून सोसतेस, मी बसून."

त्या वर्षी कोल्हीण पांढरीशुभ्र झाली, पण बर्फ काही पडेना.

"फार लवकर पांढरं नेसलीस गं."

"मला काय ठाऊक? दरवर्षी याच दिवसांत पडतो."

त्याच दुपारी एक शिकारी बायकोसह पठारावर आला. हिरव्या जमिनीवर कोल्हीण दुरूनही उठून दिसत होती.

"मला ओढून अंगावर घे," बोधिसत्त्व म्हणाले.

"आणि मग मी बोलू कुणाशी?" ती जागची हलेना.

पावले जवळ आली. तेव्हा बोधिसत्त्वांनी शंभर वर्षांची पकड सैल केली आणि खडकावरून घसरून तिला अंगभर झाकले.

"अगं, आत्ता इथंच पांढरं काहीतरी होतं!"

"काल दगडाला बाण मारलात, आज कुणाला मारताय? चला, पेज निवतेय."

ते गेले. कोल्हीण उठली, तसे शेवाळ फाटून वाऱ्यावर उडाले. तिच्या केसांत चिमूटभर अडकले होते, तेवढे तिने खडकाच्या भेगेत ठेवले. बर्फ आला. ती दुसरीकडे गेली नाही. सगळा हिवाळा त्या मुक्या भेगेपाशी बसून राहिली.

बर्फ वितळला, तशी भेगेत नखाएवढी हिरवळ दिसली.

"बाई, उन्हाळा आला. अजून पांढरीच का तू?"

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा मुलगा-सून विचारत नाहीत म्हणून विहाराच्या पायरीवर एकटीच बसणाऱ्या सोमदत्ता नावाच्या वृद्ध उपासिकेला सांगितली आणि म्हणाले, "ती कोल्हीण तू होतीस. शिकारी आणि त्याची बायको म्हणजे तुझे मुलगा-सून. त्यांच्यावर रागावू नकोस, तेव्हाही तू अगदी समोर असून त्यांना दिसली नव्हतीस. शेवाळ मी होतो. आपली जागा सोडून दुसऱ्याला झाकणे, ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता."

सोमदत्ता डोळे पुसून म्हणाली, "मग मी बसते इथंच, त्या भेगेपाशी बसले होते तशी."