मिठातली ठमी

डोहातल्या माशांना गळ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. कोळी भाकरीचा चुरा घातलेली टोपली पाण्यात बुडवत, आत शिरलेल्या बारक्या मासोळ्या पकडत आणि आमिषासाठी मीठ लावून बरणीत ठेवत.

थोराड मरळमावशी गंमत म्हणून मासोळ्यांना त्या टोपलीकडे पिटाळायची. ठमी तशीच अडकली.

एका सकाळी खारवलेली ठमी दोरीला लटकत खाली आली. तिची बहीण चिंगी कळवळून म्हणाली, "मावशी, हिला खाऊ नका. आपली ठमी आहे ही. आणि ही दोरी कसली, कोण जाणे."

"तुझी असेल ठमी. मला आपली न्याहारी दिसते," म्हणत मावशीने तिला गिळलं. "मीठ मात्र अगदी बेताचं आहे हो."

एवढं बोलून मावशी सरसर वर निघाली. एवढ्या घाईने कुठे निघालात, हे चिंगीला विचारायचंच राहिलं.