खाऊचा कोनाडा

एका गावात विणकरांची एक आळी होती. तिथे कौसाबाई आणि लहानू हे नवराबायको राहत. घरात माग दोन आणि मुलेही दोन. मंजुळा दहा वर्षांची, केरू सहाचा. सकाळी सुरू झालेले माग दिवेलागणीपर्यंत थांबत नसत. मुलांची भूकही थांबत नसे.

शाळा सुटली की दप्तर एका कोपऱ्यात पडे आणि लगेच हाक येई, "आई, भूक!" कौसाबाई हातातला आडव्या धाग्याचा धोटा ठेवी, मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यातून वर येई, उंच फळीवरचा डबा काढी, दोघांच्या हातावर काहीतरी ठेवी आणि परत जाऊन बसे. बसते न बसते तोच केरूला पाणी हवे असे. पाणी झाले की मंजुळेला आणखी एक लाडू. अशा उठबशीत एकदा मागावरच्या शालूच्या पदरात विणलेल्या मोराला एक पाय कमी पडला. दोन दिवसांचे विणकाम उसवावे लागले. त्या दिवशी कौसाबाई म्हणाली, आता पुरे.

स्वयंपाकघराच्या भिंतीत एक बुटका कोनाडा होता. त्यात जुन्या चिंध्या आणि मोडकी चाळणी पडून होती. कौसाबाईने तो झाडला, सारवला आणि त्यात चार डबे मांडले. एकात फुटाणे, एकात चुरमुरे, एकात राजगिऱ्याचे लाडू, एकात गूळपापडी. शेजारी बुटक्या तिवईवर पाण्याचा माठ ठेवला, त्यावर फुलपात्र पालथे घातले. मग दोन्ही मुलांना बोलावून सांगितले, "भूक लागली की आपल्या हातानं घ्यायचं. मला हाक मारायची नाही."

मुलांना स्वर्ग दोन बोटे उरला. आठ दिवसांचा खाऊ त्यांनी दिवेलागणीच्या आत संपवला. त्या संध्याकाळी जेवायला कोणी बसले नाही, आणि केरू पोट धरून ओवा चावत राहिला. खरे तर यात नवल काही नव्हते. बांधलेले वासरू सुटले की पहिल्या दिवशी उधळतेच. पण कौसाबाईला एवढा दम कुठला! शब्द दिला होता म्हणून तिने डबे परत फळीवर ठेवले नाहीत. तिने प्रत्येक डब्याच्या झाकणावरून एकेक रेशमी दोरा फिरवला आणि त्याला विणकराची गाठ मारली. तुटलेला धागा सांधायला मारतात ना, तीच ती बारीक गाठ. आळीबाहेरच्या माणसाला ती सात जन्मांत जमायची नाही.

"रोज दुपारी चार वाजता मी मागावरून उठेन आणि गाठी सोडीन," ती म्हणाली. "मधे कुणी हात लावला तर दोरा मला सांगेल."

म्हणजे कोनाडा मुलांचा, आणि किल्ली आईची.

दोरे शाबूत राहिले. एक दिवस गेला, चार गेले, दहा गेले. कौसाबाईची मान ताठ झाली. आळीतल्या बायकांना ती सांगू लागली, "माझी पोरं बघा, डबा समोर असून हात लावत नाहीत." पण गंमत अशी की डबे हलके होत होते. लाडू भराभर कमी होत होते. कौसाबाईने उंदरांवर आळ घेतला. शेजारणीकडून पिंजरा आणला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला. भाकरीचा तुकडा वाळून कडक झाला, उंदीर काही आला नाही. लाडू मात्र आणखी दोन गेले.

लहानू माणूस मिस्कील. तो मागावरूनच म्हणाला, "अगं, उंदीर मोठा हुशार दिसतो. डबा उघडतो, लाडू खातो आणि जाताना गाठ मारून जातो."

कौसाबाई हसली. मग हसता हसता थांबली. ती उठून कोनाड्यापाशी गेली आणि एका गाठीवरून तिने बोट फिरवले. गाठ सुबक होती, घट्ट होती, पण तिचा पीळ उलट्या बाजूला होता. घरात डावखुरे माणूस एकच होते. मंजुळा.

आता हे ऐका. या मंजुळेला ही गाठ शिकवता शिकवता कौसाबाई वर्षभर थकली होती. उजव्या हाताने दाखवलेली गाठ पोरीच्या डाव्या हाताला उमगत नसे, आणि दर वेळी आई म्हणे, "तुला विणकराची लेक कोण म्हणेल!" आणि आज ही गाठ बघा. आळीतल्या जुन्या कारागिरानेही मान डोलवावी अशी. पोरीने ती आपली आपण शोधून काढली होती, कोनाड्यासमोर उकिडवे बसून, चोरीसाठी. कौसाबाईला अभिमान वाटला आणि पाठोपाठ रागही आला. हात उगारावा की पाठ थोपटावी हेच तिला कळेना. आपली मुलगी आपल्याला फसवायला शिकली, आणि शाळा आपल्याच घरात भरली होती.

तिने मंजुळेला हाक मारली. मंजुळेने गाठीवर टेकलेले आईचे बोट पाहिले आणि ती पांढरीफटक पडली. तिला वाटले, आता मार बसणार आणि कोनाडा बंद होणार.

कौसाबाई खाली बसली. "गाठ चांगली मारलीस," ती म्हणाली. "खोटं केलंस ते वाईट केलंस. पण आधी खोटं मी केलं. हातानं घ्या म्हटलं आणि वरून दोरा बांधला."

मंजुळा रडू लागली. केरूला काहीच कळले नव्हते, पण बहिणीला सोबत म्हणून तोही रडला.

कौसाबाईने चारही दोरे काढून चुलीत टाकले. नवा रिवाज ठरला. रोज सकाळी मुलांनीच दिवसाचा खाऊ वाट्यांत काढून ठेवायचा. किती काढायचा ते त्यांनी ठरवायचे. वाटी कधी संपवायची तेही त्यांनीच. संपली की मग जेवणापर्यंत थांबायचे. "आणि मी बघायला येणार नाही," कौसाबाई म्हणाली. हे शेवटचे वाक्य तिला सगळ्यात जड गेले.

पहिल्या दिवशी केरूची वाटी शाळेत जायच्या आधीच रिकामी झाली. शाळेतून आल्यावर तो मागापाशी येऊन उभा राहिला. "आई, वाटी संपली."

"मग आता जेवताना भेटू," आई म्हणाली.

केरूने असा गळा काढला की लहानूचा माग थांबला. कौसाबाईचे पाय खड्ड्यात चुळबुळले. डबा दहा पावलांवर होता आणि पोर भुकेले होते. पण ती उठली नाही, रागावलीही नाही. डोळे पुसून पुन्हा धोटा टाकू लागली. दुसऱ्या दिवशी केरूच्या वाटीत दुपारला चार फुटाणे उरले. आठवड्याभरात त्याला आपल्या पोटाचा अंदाज येऊ लागला. हाका बंद झाल्या. मोरांचे पाय पुरे भरू लागले. कौसाबाईने दिलेला शब्द पाळला. स्वयंपाकघरात गेली तरी ती कोनाड्याकडे पाठ करून उभी राही.

पुढे लग्नसराई आली. एका नवरीचा शालू तिथीआधी पुरा करायचा होता. कौसाबाई सकाळी अर्धी भाकरी खाऊन बसली ती उठलीच नाही. तिसऱ्या प्रहरी तिच्या डोळ्यांपुढे धागे नाचू लागले. तेवढ्यात मंजुळा आली. तिने मागाच्या कडेला एक वाटी ठेवली. वाटीत एक लाडू आणि मूठभर फुटाणे होते.

"ही कुणाची गं?"

"तुझी."

"आज बरं सुचलं तुला!"

"आजच नाही काही," मंजुळा म्हणाली. "आम्ही रोज सकाळी चार वाट्या भरतो. बाबा येऊन आपली खाऊन जातात. तू कधी आलीच नाहीस. मग संध्याकाळी तुझी वाटी आम्ही दोघं वाटून खातो."

कौसाबाईने लहानूकडे पाहिले. लहानू खाली मान घालून धागा सांधत होता. ती खड्ड्यातून वर आली, दोन्ही मुलांना जवळ घेऊन बसली आणि लाडू खाता खाता रडली. शालूचे काम त्या दिवशी घटकाभर थांबले.

तात्पर्य: मुलांच्या हाती डबा द्यावा तर विश्वासासकट द्यावा. पहाऱ्यात मूल लपवायला शिकते, आणि विश्वासात दुसऱ्याचाही वाटा काढायला शिकते.