मागच्या दोरीची ओढ

माणसं फळीवर चढून, पतंगाला लटकून लाटांवर हुंदडू लागली, तेव्हाची गोष्ट. एका पतंगाची मागची दोरी, म्हणजे त्याच्या मागच्या कडेला बांधलेली, भारी हट्टी होती. लाटेने फळीला पुढे ढकललं, की ही घाबरून पतंगाला मागे खेचायची. पतंग धप्पकन पाण्यात!

"अक्का, लाट आली की जरा सैल सोड गं," फळी चौथ्यांदा ओरडली.

"सोडलं तर पळेल मेला!"

"पळतोय कुठे? तूच बुडवतेस की!" पतंग पाणी झटकत म्हणाला. "आणखी एक लाट अंगावर फुटली, तर फाटेन मी."

शेवटी फळीवरच्या स्वाराने वैतागून दोरीची गाठ सोडली आणि तिला वीतभर लांब केलं. पुढच्या लाटेवर पतंग ऐटीत तरंगला.

"बघा! मी धरलंय म्हणून!" दोरी म्हणाली.

फळीने कपाळावर हात मारला असता, पण हात कुठून आणणार?