बटणावरची सही

“दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, खिडकीला गज. आणि तरी आत कॉम्प्युटर चालू! मग चालू करतं कोण, बुवा?”

सिद्रामबुवा ओट्यावर बसून कडुनिंबाची काडी चावत होते. त्यांनी काडी बाजूला ठेवली.

“तूच सांग. तुझं ठरलेलं दिसतंय.”

“इठाबाई,” प्रभंजन म्हणाला.

मी तिथंच चिंचा फोडत बसलो होतो. माझा हात थांबला.

मी दाजी, मठाचा आचारी. तेरणेकाठचा आमचा मठ तो केवढासा! बुवा, मी, केरवारे करणारी इठाबाई, आणि वर्षभरापासून हा प्रभंजन देवकुळे. पुण्यात मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवाला साहेब होता. सगळं सोडून आलो म्हणतो. कॉम्प्युटर मात्र बरोबर घेऊन आला. मठातल्या जुन्या पोथ्या त्यात उतरवायचं काम बुवांनी त्याला दिलं होतं.

इठाबाई चौदा वर्षं मठात. मागंपुढं कुणी नाही. त्या सकाळी ती गाठोडं बांधून पायरीवर बसली होती. दुपारच्या एसटीनं निघून जा, असं प्रभंजननं तिला सांगून टाकलं होतं, आणि मग तो बुवांना विचारायला आला होता. जायचं कुठं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“तिला बटण दाबताना पाहिलंस?” बुवांनी विचारलं.

“पाहिलं नाही. पण दुसरं कोण असणार?”

“मशीन बिघडलं असेल.”

प्रभंजन हसला. तसलं हसू मला अजिबात आवडत नाही. “अंदाजानं बोलणारा माणूस नाही मी, बुवा. वीजपुरवठ्याचा डबा नवा बसवला. आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून पुसल्या. पंखा साफ केला. भिंतीतलं सॉकेट बदललं. व्हायरस आहे का तेही पाहिलं. एकेक वस्तू तपासून बाजूला केली. मशीन निर्दोष आहे.”

“म्हणून माणूस दोषी.”

“दुसरं उरतंच काय?”

बुवांनी काडी परत उचलली.

“हे सुरू कधी झालं?”

पाच आठवड्यांपूर्वी झालं होतं. प्रभंजन टाइप करता करता अंघोळीला गेला. येऊन बघतो तर कॉम्प्युटर बंद, अकरा पानं गेलेली, आणि खोलीत झाडू घेतलेली इठाबाई. लाईट गेली व्हती, असं ती म्हणाली. पण वर पंखा तर गरगर फिरत होता. झालं, तिथून त्याच्या डोक्यात किडा शिरला.

“त्या दिवसापासून मी बटण सील करतो,” प्रभंजन म्हणाला. “कागदाची पट्टी, डिंक लावून पक्की चिकटवतो. वर माझी सही आणि तारीख. अंघोळीला गेलो तरी सील, जेवायला गेलो तरी सील, झोपायला गेलो तरी सील. आलो की फाडतो.”

“मग थांबलं?”

“छे! त्यानंतरच तर खरा खेळ सुरू झाला. जेवून येतो तर आत कॉम्प्युटर चालू. बघता बघता बंद. परत चालू. सील मात्र जसंच्या तसं!”

“सील जसंच्या तसं. मग तिनं दाबलं कसं?”

“पट्टी काढते आणि नवी लावते. सहीसुद्धा हुबेहूब माझ्यासारखी करते.”

पायरीवरून आवाज आला. “अवो, मला सही येत असती तर पेन्शनीच्या कागदावर आंगठा कशाला उठवला असता म्या?”

“तसं दाखवते ती,” प्रभंजन म्हणाला. तिच्याकडे न बघताच.

मग त्यानं पुढचं सांगितलं. सील पुरेना, म्हणून कुलूप. कुलूप पुरेना, म्हणून रोज सकाळी तिच्या गाठोड्याची झडती. दुसरी किल्ली शोधायची होती. दोन लुगडी, एक आरसा, नवऱ्याचा फोटो, यापलीकडे त्यात कधी काही निघालं नाही. ती रोज स्वतःच गाठोडं त्याच्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, “बघा.”

खोटं कशाला बोलू, त्या पाच आठवड्यांत माझंही डोकं फिरलं होतं. माझी तंबाखूची डबी मी पिठाच्या डब्यात लपवू लागलो. चौदा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात जिनं राबराब राबून हात दिला, तिच्यापासून! आता आठवलं की लाज वाटते.

“मागं तू लातूरला गेला होतास,” बुवा म्हणाले. “तेव्हा?”

“चार दिवस गेलो होतो. मेन स्विच मुद्दाम चालू ठेवून, सील न करता. दाजींना पाळतीवर बसवलं होतं.”

“काय झालं, दाजी?”

“काही नाही, बुवा. हूं की चूं नाही. चार दिवस ठोकळा नुसता गप्प बसून.”

“बघा!” प्रभंजननं मांडीवर थाप मारली. “किती हुशार बाई आहे! मी नसताना काही करत नाही.”

“आणि पहिल्या दिवशी? लाईट खरंच गेली नव्हती?”

हे विचारताना बुवा माझ्याकडे बघत होते. आता सुटका नाही, हे मला कळलं.

“गेली होती, बुवा. मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी अर्धवट राहिली. पाच मिनिटांत आली परत.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही.”

हेही खोटंच. बोललो तर उद्या माझीच झडती सुरू होईल, ही भीती होती. तिच्यावर चाललंय तोवर माझ्यावर येत नाही, एवढाच हिशेब होता माझा.

आणि तसंच झालं की! प्रभंजननं डोळे बारीक केले.

“दाजी... तुम्हीपण तिला सामील आहात?”

“अरे देवा!” मी म्हणालो.

“नाही म्हणजे, पाळतीवर तुम्हीच होतात. चटणी तुमची. साक्ष तुमची.”

“आणि मी?” बुवांनी मध्येच विचारलं.

प्रभंजन कमरेची किल्ली चाचपू लागला.

“बोल की. मनात आहे ते बोल.”

“परवा दुपारी... तुम्ही त्या खोलीच्या बाजूला फिरत होतात, बुवा.”

माझ्या हातातली चिंच खाली पडली. गुरूवर संशय! इठाबाईनं तोंडाला पदर लावला. बुवा मात्र असे खूश झाले की काय सांगू. गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चला,” म्हणाले. “सगळे गुन्हेगार मिळून जाऊ.”

खोलीशी गेलो. प्रभंजननं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. टेबलावर पोथी. टेबलाखाली तो कॉम्प्युटरचा काळा डबा. त्याच्या पुढच्या बटणावर पांढरी पट्टी, पट्टीवर लफ्फेदार सही, शेजारी डिंकाची बाटली.

“हात वर करा,” बुवा म्हणाले. “सगळ्यांनी.”

आम्ही चौघांनी हात वर केले. बुवांनीसुद्धा.

थांबलो... पोथीचं पान वाऱ्यानं हललं...

डब्यातून घर्रर्र आवाज आला. हिरवा दिवा लागला. चार-पाच सेकंदांत विझला. परत घर्रर्र.

कुणाचाच हात खाली नव्हता.

“आता?” बुवांनी विचारलं.

प्रभंजनच्या कपाळावर घाम होता. तरी मागं हटायला तयार नाही. “आत काहीतरी करून ठेवलंय हिनं. नक्की.”

बुवा खाली बसले आणि पट्टीचं टोक नखानं धरून ती ओढली. निघता निघेना. खाली दुसऱ्या पट्टीचा तुकडा, त्याखाली तिसरीचा, आणि सगळीकडे पिवळट, ओला डिंक. बटणाच्या कडेच्या फटीत तो गच्च भरला होता.

त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं. बटण आत गेलं आणि आतच राहिलं.

मग हळूहळू, कुरकुरत, अर्धं वर आलं. परत आपसूक आत ओढलं गेलं. घर्रर्र.

बुवांनी अंगठा वर धरला. अंगठ्याला पट्टी लोंबत होती. पट्टीवर सही.

“हे काय आहे?”

“डिंक,” प्रभंजन पुटपुटला.

“कुणाचा? सगळं तपासलं होतंस ना? एकेक करून?”

प्रभंजन त्या पट्टीकडे बघत राहिला. लातूरचे चार दिवस त्याला आता आठवले असावेत. सील न केलेले चार दिवस, डिंक सुकून गेलेले. त्याचा चेहरा पार उतरला.

“वायर काढा अगोदर,” इठाबाई म्हणाली.

आम्ही मागं वळलो. ती माझ्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. प्रभंजननं मुकाट्यानं प्लग काढला. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं, घट्ट पिळलं आणि बटणाच्या कडेनं घासत बसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिनं त्या बटणाला हात लावला होता.

टक्.

बटण बाहेर आलं. प्लग परत लावला. डबा गप्प. आम्ही मिनिटभर उभे राहिलो, दोन मिनिटं उभे राहिलो. डबा गप्पच.

इठाबाईनं पायरीवरचं गाठोडं आणलं आणि प्रभंजनपुढं ठेवलं, रोजच्यासारखं.

“बघा.”

त्यानं हात जोडले. “नको, मावशी. लाजवू नका. जाऊ नका तुम्ही.”

“म्या कुठं जाणार हाय? ऱ्हाते की,” ती म्हणाली. “पर ह्या खोलीत आता पाय ठेवायची न्हाई. हितला केर तुमचा तुम्ही काढायचा.”

तिनं कोपऱ्यातला झाडू उचलून त्याच्या हातात दिला आणि गाठोडं काखोटीला मारून निघून गेली. मला असा आनंद झाला की डोळे भरून आले. मी जाऊन आधी पिठाच्या डब्यातली तंबाखूची डबी काढली आणि फळीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

परत आलो तर प्रभंजन झाडू घेऊन बुवांच्या पायाशी बसला होता. रडत होता. खरं रडत होता, ते मला कळतं.

“चुकलो, बुवा. डोळे उघडले माझे. आता माझा कुणावर म्हणून कुणावर संशय नाही.”

बुवा अंगठ्याचा डिंक धोतराच्या सोग्याला पुसत होते.

“एकावर राहू दे,” ते म्हणाले.