शिक्का नसलेली दोन हजार पुस्तकं

"शिक्का नाही, तर पुस्तक नाही!" कुलगुरू आगाशेसाहेबांनी टेबलावर हात आपटला.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन हजार ई-पुस्तकं आली होती. परीक्षा तोंडावर, आणि एकेका छापील पुस्तकाच्या तीन प्रतींसाठी दोनशे मुलं हमरीतुमरीवर आलेली. पण साहेब पडले नियमावर बोट ठेवणारे! नियम सांगत होता, की प्रत्येक नव्या पुस्तकावर तीन शिक्के हवेत. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एकावन्नाव्या पानावर.

"अहो साहेब, ही पुस्तकं कागदाची नाहीत," ग्रंथपाल काकुळतीला येऊन म्हणाले.

"मग कागद वाचला, शाई तर आहे ना? सोमवारपर्यंत शिक्के दिसले नाहीत, तर सगळी परत पाठवा!"

ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात द्वारकाबाई घोडके पुढं आल्या. बावीस वर्षं त्या इथं शिक्के मारत होत्या. मुलं रोज रिकाम्या हातानं परत जायची, ते त्यांना फार लागायचं.

"मारते की साहेब! पण शिक्का मारायचा कशाला, तेवढं सांगा."

"कशाला म्हणजे? कुणी पुस्तक चोरलं, तर आपलं म्हणून ओळखता यावं!"

"मग आधी एक चोरून दाखवा."

"मी? चोरी?"

"नमुन्यापुरती हो! वस्तू नवीन आहे. चोर ती कशी नेतो ते कळल्याशिवाय शिक्का कुठं मारू?"

मुद्दा साहेबांना पटला. त्यांनी पूलबांधणीवरचं एक पुस्तक मोबाइलमध्ये उघडलं, इकडंतिकडं पाहिलं आणि थेट घर गाठलं. तासाभरानं परतले ते मिशीत हसतच.

"चोरलं! हे बघा, माझ्या हातात आहे!"

"झकास! आता आमचं काय गेलं ते बघू." द्वारकाबाईंनी संगणक त्यांच्याकडं वळवला. पूलबांधणीचं पुस्तक जागच्या जागी होतं. द्वारकाबाईंनी नमुन्यापुरतं उघडून दिलेलं तेच पुस्तक समोरच्या बाकावर तीन मुली वाचत होत्या. साहेबांनी यादीवरचा आकडा पाहिला. दोन हजार. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तरी दोन हजारच!

"म्हणजे... गेलं काहीच नाही?"

"अहो, बावीस वर्षांत असली चोरी पाहिली नाही! माल चोराच्या हातात, आणि कपाट भरलेलं! पुस्तक हरवतच नाही, तर ओळखायचं काय? ओळखायचा राहिला तो चोर. साहेब, करा तळहात पुढं!"

आणि त्यांनी शिक्का शाईत दाबला.

साहेबांनी झटकन हात पाठीमागं नेला. त्या जांभळ्या शिक्क्याकडं पाहिलं आणि असे खदखदून हसले, की वाचनकक्षातली सगळी मुलं माना वर करून बघू लागली.

"ग्रंथपाल, पुस्तकं आजच सुरू करा! आणि ई-पुस्तकांचा विभाग द्वारकाबाईंच्या हाती द्या, पगार वाढवून! अट एकच. मला पुन्हा चोरी करायला लावायची नाही!"

"ते तुमच्याच हातात आहे, साहेब," द्वारकाबाई म्हणाल्या. "नवा हुकूम काढण्याआधी मला विचारत जा!"