वेधशाळेतली पांढरी पेटी

“मग पळसखेड सुटलं ना माझं, बाबा?”

केसोबाबा सावकाश टेकडी चढत होते. सकाळची गार वेळ. मठातली सगळी मंडळी हवामानाची वेधशाळा बघायला निघाली होती आणि त्र्यंबक मात्र बाबांच्या मागं लागला होता. प्रवचनाला त्याला दुसरं गाव हवं होतं, आणि तेही आजच्या आज.

“काय बिघडलं पळसखेडला?”

“माणसं भारी तापट! मी तोंड उघडलं की अंगावरच येतात.”

“त्याआधीचं गाव?”

“तेही तसलंच. शब्दाला शब्द.”

“आणि त्याच्याही आधीचं?”

“काय सांगू, बाबा... माझं नशीबच फुटकं.”

“बरं,” बाबा म्हणाले. “आधी हवा तर बघू.”

वेधशाळेच्या हिरवळीवर चार पायांची एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. तिच्या भिंती झडपांच्या. तिथल्या अधिकारी कुलथेबाई हौसेनं सांगत होत्या, “आत तापमापक आहे. त्याला ऊन लागू नये, पण वारा खेळता राहावा, म्हणून ही पेटी. कोण वाचतंय?” त्यांनी पेटीचं दार उघडलं.

त्र्यंबक कसला मागं राहतोय! सगळ्यांना सारून तो पुढं घुसला आणि पेटीत तोंड घालून त्यानं पार तापमापकाच्या काचेला नाक लावलं. चढ चढून आलेला गडी, भात्यासारखा धापा टाकत होता.

“चोवीस... थांबा, पंचवीस! अहो, पारा चढतोय की! हवा तापली बघा एकदम!”

कुलथेबाईंनी हसू दाबलं. “दादा, हवा आहे तशीच आहे. तुमच्या श्वासानं चढतोय तो. जरा मागं सरा.”

मंडळी खो खो हसली. त्र्यंबकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मागं सरला. झडपांतून वारा आत गेला. बाईंनी जरा वेळानं लांबूनच नजर टाकली.

“उतरला.”

त्र्यंबक पेटीकडं बघतच राहिला...

मग आंब्याखाली भाकऱ्या सुटल्या, ठेचा निघाला, थट्टा रंगली. एकाएकी त्र्यंबकाला स्वतःचंच हसू फुटलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यागत बरं वाटलं.

“बाबा... मग मी कुठल्या गावी जाऊ?”

बाबांनी आपल्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

“पळसखेडलाच जा. फक्त जरा मागं उभा राहा.”